शास्त्रज्ञांनो, पेटंट असे घालवावे

शोध लागला की सर्वप्रथम तो जाहीर करून मोकळे व्हावे. परिषदेत पोस्टर लावावे. त्यावर तापमान, उत्प्रेरकाचे प्रमाण, सगळे ठळक छापावे आणि कोणी मोबाइलने फोटो काढू लागला तर अदबीने बाजूला सरकावे. मग पेटंट एजंटाकडे जावे. तो पहिला प्रश्न तारखेचा विचारतो. अर्जाआधी जाहीर झालेल्या शोधात नावीन्य कसले? विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आपल्या कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे म्हणा; युरोपात तिच्या भरवशावर जाऊन बघावे. प्रोव्हिजनल अर्ज आधी टाकून ठेवणे हा भित्र्या लोकांचा उद्योग.

दुसऱ्याचे पेटंट चाळताना शीर्षक आणि सारांश वाचून ‘हे तर आपलेच काम’ म्हणत हळहळावे. शेवटी दिलेल्या दाव्यांपर्यंत पोचूच नये, कारण हक्क तिथे ठरतो आणि त्या भाषेने डोके दुखते. आपले दावे लिहिताना प्रयोगशाळेत जमले तेवढेच, ६० ते ८० अंश, असे लिहावे. शेजारचा ९५ अंशांवर तेच रसायन काढील आणि तुम्हाला दिवाळीच्या शुभेच्छाही पाठवील.

आधीचे ज्ञान शोधण्यात वेळ घालवू नये. १९९५ मध्ये हळदीने जखम भरण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला मिळालेच की! ते रद्द व्हायला १९९७ उजाडले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली, पण आपल्या आज्यांची साक्ष तिथे कामाची नव्हती. परदेशातला नुसता वापर तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात धरला जात नसे. छापील पुरावा हवा होता. जुन्या संस्कृत ग्रंथांबरोबर १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही पुढे ठेवावा लागला. कोणाच्या तरी धूळ खात पडलेल्या निबंधाचे हे सोने झाले, पण असल्या गोष्टी ग्रंथालयात जाणाऱ्यांसाठी.

पेटंट हाती आले की लगेच कारखान्याची जागा बघावी. पेटंटने इतरांना अडवता येते. तुम्हाला उत्पादनाची परवानगी मिळत नाही, आणि तुमची कृती कोणाच्या जुन्या पेटंटवर उभी असेल तर तोही तुम्हाला अडवू शकतो. हे वकील सांगेलच, बिलासकट.

तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाची फी असते. ती संस्थेचा लेखा विभाग भरीलच, असे समजून निवांत राहावे. फी थकली आणि मुदतीत हालचाल झाली नाही, तर वीस वर्षांचे पेटंट मध्येच संपते आणि कृती कोणालाही वापरायला मोकळी होते.