बिनफीचे नाना

पुण्यात जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं, की कर्ज मंजूर व्हायच्या आधी नाना मिळतात. प्रत्येक सोसायटीत ते असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे बापू. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. बगलेत रेक्झिनची बॅग, खिशात दोन पेनं. तुम्ही चुकून ‘वकील’ म्हणालात, की ते चष्मा काढतात. “वकील? कागद मराठीत आहेत, तुम्हाला-मला मराठी येतं. पंचवीस हजार कशाबद्दल मोजायचे?”

बरं, नानांना काही कळत नाही असं म्हणायचीही सोय नाही. लोक राशिभविष्य वाचतात तितक्या गोडीने ते इंडेक्स टू वाचतात. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सूट, म्हणजे 70 लाखांच्या फ्लॅटमागे 70 हजार वाचले, हे ते तोंडी सांगतात. तेही बायकोसमोर, आणि मग नवऱ्याचा चेहरा न्याहाळत बसतात. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर जात नाही. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा, हे एजंट विसरला तरी नाना विसरत नाहीत.

“आणि बँकेच्या वकिलाने 30 वर्षांचा सर्च काढलाय की! अजून दुसरा वकील कशाला, त्याला सोबत म्हणून?” आता, बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून बघतो, तुमचं काय बुडेल ते त्याच्या रिपोर्टात नसतं. पण नानांच्या बाजूनेही सांगायला हवं, काही वकील जुन्या मसुद्यात नुसती नावं बदलतात. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ‘विहिरीच्या पाण्याच्या हिश्शासह’ विकल्याचा कागद मी स्वतः वाचलाय.

नानांची खरी गोम कागदात नाहीच, ती विकणाऱ्याच्या दिवाणखान्यात आहे. तिथे पोहे येतात, चहा येतो. गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, पाणी किती वेळ येतं, सगळं विचारून होतं. भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो. शेअर सर्टिफिकेटवर आधी आईचं नाव, मागच्या बाजूला मुलाचं. “आईनं नॉमिनेशन केलं होतं, सोसायटीनं नाव चढवलं. विषय संपला,” नाना म्हणतात. विषय तिथे सुरू होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने वारसांच्या वतीने सांभाळायचं असतं. शेजारीच लग्नातला एक फोटो होता. नानांनी तो पाहिलाही. “या कोण?” “ताई. सांगलीला दिलीय.” “वा, मग भडंगाची चंगळ!” आणि 70 लाखांच्या फ्लॅटमधला निम्मा हिस्सा भडंगात विरघळला.

“बहिणीचं हक्कसोडपत्र कुठंय?” हे विचारल्यावर दुसरा कप येत नाही. नाना माणसांतले, त्यांच्या तोंडून हे निघणंच शक्य नाही. वकिलाला तो कप नको असतो, त्याची फी वेगळी ठरलेली असते.

घर घेणाऱ्यांनी शेवटी नानांना चोरून एक तरुण वकीलबाई गाठल्या. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न हा विचारला, आणि वर पेपरात जाहीर नोटीस दिली: कोणाचा हक्क-हितसंबंध असल्यास 14 दिवसांत कळवावे. नाना जाम दुखावले. “घरातली गोष्ट पेपरात? उद्या निधनवार्तेशेजारी येईल!” तशीच आली.

पुढे अडलं. भावाबहिणीचं आईच्या पाटल्यांवरून बोलणं बंद होतं. वकीलबाई म्हणाल्या, हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागेल, तेव्हा ताईंना आणा. कसं आणायचं, याला कलम नाही. नाना काही न बोलता बॅग घेऊन सांगलीच्या एसटीत बसले.

तिसऱ्या दिवशी ते ताईंना घेऊनच उतरले. पाटल्यांचं त्यांनी काय मिटवलं ते कोणाला सांगितलं नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ताईंचा अंगठा मशीन घेईना. भांडी घासून रेषा झिजलेल्या. “पदराला पुसा, आणि जरा दाबून,” नाना मागून सांगत होते. चौथ्या खेपेला उमटला. ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून सही करायला नानांनी स्वतःचं पेन काढलं.

सही झाल्यावर त्यांनी बॅगेतून ताईंच्या शेताचा सातबारा काढला. सासरे जाऊन बारा वर्षं झाली, तरी नाव त्यांचंच. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचं म्हणून नानांनी परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. जाता जाता वकीलबाईंकडून अर्जाचा नमुना मागून घेतला. फी किती, ते विचारलं नाही.