पहाणीतली चूक

पाटील : मास्तर, व्हायरस लई हुशार झालाय म्हणं. औषध निघालं की रूप बदलतोय. मोबाइलात आलंय.

मास्तर : ज्याला मेंदूच नाही त्याला हुशारी कुठली, पाटील? हे सगळं नकला काढण्याचं काम आहे. चिकुनगुनियाच्या विषाणूचा मजकूर सुमारे 12 हजार अक्षरांचा. तो आपल्या पेशीत शिरला की हजारोंनी नकला निघतात, पण नक्कल ताडून बघणारा कोणी नसतो. त्यामुळं जवळजवळ प्रत्येक नकलेत एखादं अक्षर चुकतंच. कोरोनाचा मजकूर 30 हजार अक्षरांचा. त्याच्याकडं ताडून बघणारा एक कारकून आहे, तरी चुका राहतातच.

पाटील : म्हंजे आमच्या जमिनीच्या पहाणी-उताऱ्यागत. मराठी नाव कानडीत गेलं, परत मराठीत आलं, की माणूस आपलंच नाव वळखंना.

मास्तर : तसंच. आता सांगा, पहाणीत चुकून दोन एकर कमी पडले तर?

पाटील : दुसऱ्या दिवशी तहसीलला!

मास्तर : आणि दोन एकर वाढले तर?

पाटील : (बशीतला चहा फुंकत) मग तिला चूक कशाला म्हणायचं?

मास्तर : झालं, उत्क्रांती कळली तुम्हाला! विषाणूच्या बहुतेक चुका त्याचंच नुकसान करतात. त्या नकला तिथंच मरतात. एखादी चूक फायद्याची निघते, तिची संतती वाढते, आणि आपल्याला वाटतं त्यानं ठरवून रूप बदललं.

पाटील : पण रोग येतो महाराष्ट्रातनंच. 2021 ला आपल्या कर्नाटक सरकारनं नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट मागितला, उगं न्हाई.

मास्तर : देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू मार्च 2020 मध्ये, कलबुर्गीच्या गृहस्थांचा. ते परतले होते सौदीहून. तो रस्ता कुठल्या नाक्यावरनं जातो? चिकुनगुनियाचं बघा. 1973 साली बार्शीला साथ आली, मग तीसेक वर्षं नाव नाही. 2005-06 ला परत आला तेव्हा आपल्या कलबुर्गी-बीदरमध्ये घरंच्या घरं सांधे धरून बसली. 2006 साली देशात 13 लाखांवर संशयित रुग्ण, त्यातले निम्म्याहून जास्त कर्नाटकातले. तपासलं तर विषाणू बार्शीच्या आशियाई घराण्यातला नव्हताच, आफ्रिकी निघाला. गंमत म्हणजे, पुणे जिल्ह्यातल्या यवतला 2000 साली मिळालेल्या डासांतला विषाणूही त्याच घराण्यातला होता. साथीच्या पाच वर्षं आधी!

पाटील : मग त्याच आफ्रिकीवाल्याला 2006 ला दोन एकर जास्तीचे मिळाले असतील. त्याबिगर एवढं पसरंल का?

मास्तर : सगळे इथंच फसतात. तसली चूक झाली होती, पण रीयुनियन बेटावर. आवरणातल्या एका प्रथिनाच्या 226 व्या जागी अ‍ॅलनीन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन आलं, आणि जो पट्टेरी टायगर डास आधी फारसा कामाचा नव्हता तो विषाणूला उत्तम वाहन झाला. नवा यजमान मिळतो तो असा, एका अक्षरावर. 2007 ला केरळात तो बदल सापडला. 2006 च्या कर्नाटक-महाराष्ट्राच्या नमुन्यांत मात्र नव्हता. म्हणजे आपल्याकडं त्याला नव्या वाहनाची गरजच पडली नाही. जुना एडिस इजिप्ती डास घरोघरच्या रांजणात होताच, आणि तीस वर्षांत ज्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती नाही अशी एक पिढी तयार होती.

पाटील : म्हंजे शेवटी खापर आमच्या रांजणावर! नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई. साठवायचं न्हाई तर प्यायचं काय, तुमचं व्याख्यान?

मास्तर : साठवा की. दोष नळाचाच आहे, ते मी कुठंही बोलेन. पण नळ सुधारेपर्यंत डास थांबत नाही. अंड्यापासून उडेपर्यंत त्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तुमच्या नळाचं आणि त्याचं वेळापत्रक जुळलेलं आहे.

पाटील : मग दर आठवड्याला हौद रिकामा करून उन्हात वाळवतो. झालं समाधान?

मास्तर : वाळवून भागत नाही, पाटील. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात. काळी, खसखशीहून बारीक. कोरडी पडली तरी काही महिने जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. भिंत काथ्यानं घासावी लागते.