पुण्यात महागडी सेडान आणखी पळवण्याची शास्त्रोक्त कृती

मर्सिडीज-बेंझने पुण्यात १९९५ साली पहिली ई-क्लास जोडली. आज चाकणला तयार होणाऱ्या लांब व्हीलबेसच्या ई ४५० मध्ये ३८१ अश्वशक्ती आहे. शून्यावरून ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला साडेचार सेकंद पुरतात. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात मात्र पुणे जगातल्या संथ शहरांत चौथे आले: १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. या वेगाला ३८१ घोडे कमी पडतात असे ज्या मालकाला मनापासून वाटते, त्याने पुढील कृती करावी.

पायरी पहिली: रिमॅप. टर्बोने हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी टाकायची, हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. लॅपटॉप जोडून ते आकडे बदलले की ‘स्टेज वन’ झाले. यात एकही पाना फिरत नाही, त्यामुळे पाहुण्यांना दाखवायला काही उरत नाही. ताकद मोजणाऱ्या डायनोचा कागद लॅमिनेट करून घ्यावा. वाढलेल्या दाबाला जास्त ऑक्टेन लागते, नाहीतर इंजिन ‘नॉक’ करते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले, तेव्हा पहिल्या काही शहरांत पुणेही होते. ते टाकीभर घ्यावे आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला जाऊन उभे राहावे. तिथे नॉकिंगची भीती नाही. नॉकिंग होते ते इंजिनावर भार आला की.

पायरी दुसरी: डाउनपाइप. टर्बोमागचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की धुराला वाट मोकळी होते, आवाजही मोकळा होतो. मग पीयूसीवाला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे बघून मालकाकडे बघतो. सोसायटीचे सेक्रेटरी आकड्यांशिवायच बघतात.

पायरी तिसरी: गाडी खाली बसवणे. आखूड स्प्रिंगा टाकल्या की गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी कलते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीतला गतिरोधक मात्र गल्लीच ठरवते. त्यातून लांब व्हीलबेसच्या ई-क्लासमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ३,०९४ मिलिमीटरचे अंतर. म्हणजे पोट टेकायला भरपूर जागा. गाडी तिरकी घालावी. वॉचमनला खाली वाकून बघायला सांगावे. तो ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असला तरी मागे बसलेल्या काकूंना उतरवून घ्यावे, त्यांची पिशवीही.

पायरी चौथी: कायदा. गाडीचे मॉडेल वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर होते आणि आरसी बुकात तेच उतरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ असे असल्याने खर्चाचा अंदाज आधीच मांडता येतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी तिला बरोबर सापडतो, आणि वॉरंटी तर पहिल्याच पायरीवर धोक्यात आलेली असते.

पायरी पाचवी: चाचणी. भल्या पहाटे एक्सप्रेसवे गाठावा. तिथे कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची, वर कॅमेरे. कंपनीतून आली तशी गाडीही ही मर्यादा साडेचार सेकंदांत गाठतेच. रिमॅपनंतर ती त्याहून लवकर गाठते, आणि उरलेला वेळ लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर पार्किंग शोधायला वापरता येतो.

पायरी सहावी: विक्री. मूळ स्प्रिंगा, मूळ डाउनपाइप आणि मूळ सॉफ्टवेअर जपून ठेवावे. पहिल्या दोन वस्तूंना माळा उत्तम. सगळे पूर्ववत बसवावे, गाडी धुऊन घ्यावी, डायनोचा कागद कपाटात ठेवावा. गिऱ्हाईक येईल, बॉनेट उघडायला लावेल, आत काहीच न बघता ते बंद करेल आणि विचारेल, “ॲव्हरेज किती देते?”