तोच हजेरीपट, नवा पगार

कॉलेजातली नोकरी सोडून एखादा प्राध्यापक कंपनीच्या एचआरमध्ये गेला, की स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘सुटला बिचारा’. दुसरा म्हणतो, ‘विकला गेला’. काही वर्षांनी तोच माणूस एमबीए शिकवायला परत आला, की हेच तट जागांची अदलाबदल करून पुन्हा उभे राहतात. माझं म्हणणं असं, की दोन्ही तटांनी चहा संपवून आपापल्या तासाला जावं, कारण हा गृहस्थ मुळात कुठे गेलेलाच नाही. चांगल्या जाणत्या माणसांना एका खोलीत बसवून ठेवायचं, त्यांची हजेरी लावायची, वर्षाअखेरीस त्यांना श्रेणी द्यायची आणि सगळं सुरळीत पार पडल्याचा अहवाल वर पाठवायचा, हा त्याचा धंदा. तो त्याने बदललेला नाही. चालू असलेली लिफ्ट मिळाली, इतकाच फरक.

शिवाय ही वाट काही आजची नाही. भारतीय उद्योगात एचआरडीचं, म्हणजे मनुष्यबळ विकासाचं, स्वतंत्र खातं ज्यांच्या सल्ल्याने उभं राहिलं, ते उदय पारीक आणि टी. व्ही. राव हे दोघेही अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक होते. 1970 च्या दशकाच्या मध्यावर लार्सन अँड टुब्रोने त्यांना बोलावलं होतं ते अप्रेझलची पद्धत तपासायला. पण प्राध्यापकाच्या हाती तपासायला काही दिलं, की तो नुसती सही करून थांबतो थोडाच? त्यांनी कंपनीला एक नवं खातंच सुचवलं. पुढे 1985 मध्ये सरकारने तर शिक्षण खातंच मनुष्यबळ विकास मंत्रालयात नेऊन घातलं; पी. व्ही. नरसिंह राव त्याचे पहिले मंत्री. 2020 मध्ये जुनी पाटी परत लागेपर्यंत, म्हणजे 35 वर्षं, देशाचं उच्च शिक्षण दिल्लीतल्या एचआरच्या हाताखाली होतं आणि त्याबद्दल कुणी कुणाला ‘विकला गेला’ म्हटलं नाही. अख्खं खातं गेलं तर ते धोरण, एकटा माणूस गेला तर फितुरी.

दरम्यान जे कॉलेजातच उरले, त्यांच्याकडे एचआर स्वतः चालत आलं. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘एपीआय’ आणला आणि प्राध्यापकाचं वर्ष गुणांत मोजायला सुरुवात झाली. निबंधाला गुण, चर्चासत्राला गुण, समितीवर असण्यालाही गुण. साहजिकच समित्या वाढल्या, चर्चासत्रं वाढली आणि पैसे भरले की निबंध छापून देणारी नियतकालिकंही वाढली. विद्यार्थी गाइड वाचून पास होतात म्हणून हळहळणाऱ्यांनी इथे कुणाचं अनुकरण केलं, हे मी सांगायला नको. 2018 च्या नियमांनी ही गुणपत्रिका सैल केली खरी, पण ‘कॅस’च्या, म्हणजे बढतीच्या, फाइलीसाठी नवा तक्ता दिला. नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगला’, 80 च्या खाली पण 70 किंवा जास्त असतील तर ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. विद्यार्थ्याला मात्र परीक्षेला बसायला सर्वसाधारणपणे 75 टक्के हजेरी लागते. म्हणजे 72 टक्के तास घेतलेले समाधानकारक सर 74 टक्के हजेरीच्या मुलाला परीक्षेला बसू न देण्याच्या नोटिशीवर सही करू शकतात. असा निवांत विनोद कुठल्याही कंपनीच्या एचआर मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

कंपनीत जाऊन पाहावं, तर तिथे कॉलेज भरलेलं असतं. इंडक्शनचे वर्ग, ट्रेनिंगचे तास, ऑनलाइन मॉड्यूल, शेवटी बहुपर्यायी प्रश्न आणि सर्टिफिकेट. व्हिडिओ म्यूट करून दुसऱ्या खिडकीत काम करत बसलेला इंजिनीअर म्हणजे मागच्या बाकावरचा जुना विद्यार्थीच. फक्त आता त्याला बसायचा पगार मिळतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अध्यापन हे व्रत आहे, एचआर ही नोकरी. मान्य. पण व्रताचा खर्चही पाहावा. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शिकवणं हे उदात्त कार्य आहे, म्हणून औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक ‘कामगार’ नाही. आरती झाली, प्रसाद मात्र मिळाला नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही शिक्षक बसत नाहीत असा निकाल 2004 मध्ये लागला, आणि 2009 मध्ये संसदेने दुरुस्ती करून त्यांना आत घेतलं. उदात्तपणाची ही कथा एचआरमधून आलेल्या माणसाला लगेच समजते. स्टाफरूममध्ये ती निवृत्तीच्या सुमारास कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्राध्यापक विद्यार्थ्याच्या बाजूने असतो, एचआर मालकाच्या. यात तथ्य आहे, पण तासिका तत्त्वावर नेमलेल्या, सुट्टीत शून्य मानधन मिळणाऱ्या प्राध्यापकाला विचारलं तर तो विचारेल, की मग संस्थाचालकांच्या बाजूने कोण आहे? तरीही फरक उरतो, तो मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. प्राध्यापक नापास करतो तो बैठक क्रमांकाला; उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलेलं असतं आणि निकाल संकेतस्थळावर लागतो. एचआरवाल्याला नापास करायचं असतं ते समोर बसलेल्या माणसाला, नावानिशी, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून. ‘तुमचं काम चांगलं आहे, पण’ या वाक्यातल्या ‘पण’नंतर काय बोलायचं, हे पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये नसतं.

म्हणून ते बोलता येणाऱ्या लोकांसाठी कॉलेजाचं दार उघडलं हे बरंच झालं. 2022 पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून पंधरा वर्षांच्या अनुभवावर, नेट-पीएच.डी.शिवाय येता येतं; मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि जास्तीत जास्त चार वर्षं. उलट दिशेने जाणाऱ्याची वीस वर्षं कंपनी ‘संबंधित अनुभव नाही’ या एका रकान्यात बसवते, तो भाग वेगळा.

प्राचार्यांना विनंती एवढीच, की एचआरमधून परतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी प्लेसमेंट समितीवर बसवू नका. अंतर्गत गुण विद्यार्थ्यांना समोर बसवून सांगायचं काम त्याला द्या, आणि तासिका तत्त्वावरच्या मुलाखतीलाही त्यालाच बसवा.