वेबसाइटचा अभ्यासक्रम

लक्ष्मीनगर मेट्रो स्टेशनाबाहेर पडलं की आधी आभाळ शोधावं लागतं. वर सगळ्या पाट्या. सीए व्हा, कंपनी सेक्रेटरी व्हा, सरकारी बँकेत लागा, फाडफाड इंग्रजी बोला. आणि यातलं काहीच जमलं नाही तर वेब डिझायनर व्हा. या शेवटच्या पाटीवर एचटीएमएल, सीएसएस, वर्डप्रेस, एसईओ अशी यादी आणि खाली ठळक अक्षरांत प्लेसमेंटची हमी. मी नोएडातल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर, लहान दुकानदारांच्या वेबसाइट्स करून देतो. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही जेवतो. त्या अधिकारानं सांगतो, पाटीवरचं सगळं यूट्यूबवर फुकट शिकता येतं. पोट ज्यावर भरतं ते मात्र कुठल्याच पाटीवर नसतं. म्हणून मी स्वतःच एक क्लास काढायचं ठरवलंय. अजून जागा नाही, विद्यार्थी नाहीत, पण अभ्यासक्रम तयार आहे. दिल्लीत बरेच क्लास याहून कमी भांडवलावर उभे राहिले आहेत.

सुरुवात इतिहासानं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं. पुढच्याच वर्षी दिल्लीत दिनेश अगरवाल यांनी चुलतभावासह इंडियामार्ट सुरू केलं. काम काय, तर निर्यातदारांची माहिती जमवायची आणि तिची वेबपानं करायची. परदेशी गिऱ्हाइकाची ईमेल आली की ती कागदावर छापायची आणि निर्यातदाराला फॅक्स करायची. कारण वेबसाइट ज्याची, त्याच्याकडेच इंटरनेट नव्हतं! हसू नका. परवाच सदर बाजारातल्या एका व्यापाऱ्याला मी तयार वेबसाइटचा पत्ता पाठवला. उत्तर आलं, ‘लिंक नहीं खुलती जी, वेबसाइट का पीडीएफ बना के व्हॉट्सअ‍ॅप कर दो.’

दुसरा धडा संजीव बिखचंदानी यांचा. १९९६ साली प्रगती मैदानावरच्या प्रदर्शनात त्यांनी इंटरनेट पाहिलं आणि वेबसाइट काढायचं मनात घेतलं. त्यासाठी सर्व्हर हवा आणि सर्व्हर मिळणार अमेरिकेत. सुदैवानं त्यांचे भाऊ तिथं प्राध्यापक होते. भावानं सर्व्हर भाड्यानं घेतला, इकडे वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती जमवून टाइप केल्या गेल्या आणि १९९७मध्ये नौकरी डॉट कॉम उभी राहिली. म्हणजे त्या काळी या धंद्याला लागणारं पहिलं कौशल्य अमेरिकेत भाऊ असणं आणि दुसरं पेपर नीट वाचणं. संगणकाचा नंबर त्यानंतर.

आता मुख्य विषय : मजकूर मिळवणे. शंभर गुणांपैकी साठ गुण मी याला ठेवलेत. करोल बागेतल्या एका साडीवाल्या अंकलजींशी झालेला संवाद पाठ्यपुस्तकात घ्यावा असा आहे.

‘अंकलजी, वेबसाइटवर काय लिहू?’

‘वो आप ही लिख दो. आपको तो सब पता है.’

मला त्यांच्याविषयी एवढंच माहीत होतं, की ते साड्या विकतात आणि चहात साखर घेत नाहीत.

‘काय काय विकता?’

‘सब कुछ.’

‘खासियत?’

‘क्वालिटी.’

‘शेजारच्या दुकानापेक्षा वेगळं काय?’

अंकलजींनी शेजारच्या दुकानाकडे पाहिलं. मग पुढचा तासभर शेजारच्या मालकाचे वडील, त्यांची फाळणीनंतरची पहिली पथारी, पुढे झालेली वाटणी आणि वाटणीत गेलेला एक पंखा यांचा समग्र वृत्तांत त्यांनी ऐकवला. शेवटी म्हणाले, ‘ये सब मत लिखना.’

वेबसाइटवर घालण्याजोगं होतं ते नेमकं तेवढंच. उरलं ‘क्वालिटी’. ती तर गल्लीतल्या प्रत्येक दुकानात आहे, वाटणीत गेलेल्या पंख्याच्या दुकानातही. म्हणून विद्यार्थ्यांना पहिला नियम : ‘तुम्ही काय विकता’ असं कधी विचारू नये. ‘काल शेवटचं गिऱ्हाईक कोण आलं होतं आणि काय घेऊन गेलं’ असं विचारावं. त्यावर माणूस खुलतो. रोहतकहून आलेली बाई, मुलीचं लग्न, अकरा साड्या, भावावरून रुसून जिना उतरलेली मावशी आणि तिला परत वर आणणारा गड्याचा थंडा, हे सगळं बाहेर येतं. आणि वेबसाइटचं पहिलं पान आपोआप लिहिलं जातं.

मजकुरामागून फोटो. अंकलजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर भरभरून पाठवले. त्यातले बरेचसे सुरतेच्या कारखान्याच्या कॅटलॉगमधले, प्रत्येकावर तिरक्या अक्षरांत दुसऱ्याच दुकानाचा फोन नंबर. काहींत साडी कमी आणि नातू जास्त. एक गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. त्यांनी स्वतः काढून आणलेले फोटो मात्र इतके जड की पान उघडेस्तोवर गिऱ्हाइकाचा विचार बदलावा. गुगलच्या मते पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. अंकलजींना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘अडीच सेकंदात साडी पसंत करणारी बाई मला एकदा दाखवा, तिचा फोटो लावू.’ या मुद्द्यावर गुगलकडेही उत्तर नसावं.

दुसरा विषय : डोमेन कुणाच्या नावावर. डोमेन म्हणजे वेबसाइटचा सातबारा. वर घर कितीही देखणं बांधा, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं असेल तर तुम्ही भाडेकरू. दिल्लीतल्या दुकानांचे हे उतारे बहुतकरून भाच्या-पुतण्यांच्या नावावर असतात. प्रत्येक दुकानामागे एक भतीजा असतो आणि तो ‘कंप्यूटर का जानकार’ असतो. तो वेबसाइट फुकट करून देतो, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो आणि कॅनडाला जातो. वर्ष उलटल्यावर नूतनीकरणाच्या सूचना त्या ईमेलवर जात राहतात आणि पुतण्या तिकडे बर्फ उपसत असतो. मग मला फोन येतो, ‘हमारी वेबसाइट पे किसी और की दवाई बिक रही है.’

पुतण्याला एकट्याला बोल लावू नये. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलवाल्या लोकांना आपल्याच टपालपेटीत शिरता येईना. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी रुळावर आली. तेव्हा दुसरा नियम : डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, आणि नूतनीकरणाची तारीख गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर लाल पेनानं. ज्या कॅलेंडरवर सिलिंडर आणि एकादशी आहे तेच. संगणकातली आठवण विसरली जाते, ते कॅलेंडर नाही.

याच पाठात एक उपप्रश्न येतो. डॉट इन नावं २००५पासून सगळ्यांना खुली झाली आणि २०१४मध्ये देवनागरीतलं डॉट भारतही आलं, मराठीसुद्धा त्यात आली. मी उत्साहानं एका मराठी मंडळाला नाव देवनागरीत घ्यायचं सुचवलं. मराठी अस्मितेवर दरवर्षी परिसंवाद भरवणारं मंडळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खजिनदारकाकांनी विचारलं, ‘पण हे टाइप कसं करायचं?’ अस्मिता तिथंच स्थगित झाली आणि ठराव इंग्रजी नावाचा झाला.

त्या मंडळानं मला तिसरा विषय दिला : नाही म्हणणे. दुकानदार एकटा असतो, मंडळाला कार्यकारिणी असते. मजकूर त्यांनी तत्परतेनं पाठवला, पण वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमध्ये. त्यामुळे अध्यक्षांचं मनोगत माझ्या पडद्यावर रशियन आणि शिव्या यांच्या मधल्या कुठल्याशा भाषेत उमटलं. ते युनिकोडमध्ये आणून दिलं तर सगळे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले. तेही निस्तरलं. मग प्रश्न आला पहिल्या पानावरच्या फोटोंचा. शिवाजी महाराज, टिळक, सावित्रीबाई, बाबासाहेब यांचा क्रम लावता लावता बैठक रात्रीच्या मेट्रोपर्यंत लांबली. कुणीतरी सगळे फोटो गोल फिरते ठेवावेत असं सुचवलं. त्यावर फिरायला सुरुवात कुणापासून, हा नवा वाद. एका वहिनींनी मध्येच विचारलं, ‘मोदकांच्या स्पर्धेचा फोटो कुठं येणार?’ तिथून चर्चेला खरी धार आली.

अशा वेळी ‘नाही’ थेट म्हणायचं नसतं. ‘होईल की, फक्त कोटेशनमध्ये वाढवून घेतो’ असं म्हणायचं. हे वाक्य उच्चारताच लोगो मोठा करण्याची, अक्षरं चमकवण्याची आणि पान उघडताच सनई वाजवण्याची हौस जागच्या जागी ओसरते. शिवाय तिसरा नियम : कोटेशनवर आधीच लिहून घ्यायचं, की मंजुरी एकाच व्यक्तीची. आमच्या मंडळानं त्या एका व्यक्तीच्या निवडीसाठी उपसमिती नेमली आहे.

चौथा विषय : पैसे मिळवणे. काम मिळवणं आणि पैसे मिळवणं ही दोन स्वतंत्र शास्त्रं आहेत. भाव विचारताना गिऱ्हाईक म्हणतं, ‘छोटी सी तो वेबसाइट है.’ काम झाल्यावर म्हणतं, ‘आप तो घर के आदमी हो.’ घरच्या माणसाला दिल्लीत चहा मिळतो, समोसा मिळतो, दिवाळीला सोनपापडीही मिळते. बाकी व्यवहार बाहेरच्यांशी.

खरं तर कायदा आपल्या बाजूनं आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार छोट्या उद्योगाचे पैसे, करार लेखी असला तरी, फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. नोंदणी उद्यम पोर्टलवर फुकट होते. बायको रोज म्हणायची, ‘अहो, मग पाठवा ना त्यांना नोटीस!’ पण ज्याच्या दुकानात बसून समोसा खाल्ला त्याला चक्रवाढ व्याज कोणत्या तोंडानं मागणार? यावर दिल्लीतला नामी उपाय असा, की बिलाच्या माथ्यावर उद्यम नोंदणीचा क्रमांक ठळक छापायचा आणि गप्प बसायचं. मालक बिल वाचत नाही. त्याचा सीए वाचतो. दिल्लीचा व्यापारी देवाला भितो, इन्कम टॅक्सला भितो, पण या दोघांशी ज्याची ओळख आहे त्या सीएला जास्त भितो. पैसे येतात. तरी अर्धे आगाऊ घेतल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही, हा चौथा नियम.

पाचवा विषय छोटा : वेबसाइट जिवंत ठेवणे. कीर्तीनगरच्या फर्निचर मार्केटातल्या एका मालकांनी मला विचारलं होतं, ‘दुकान आठला बंद होतं. वेबसाइट रात्रभर चालू? आणि विजेचं बिल कोण भरतं?’ प्रश्न भोळा वाटला तरी वेबच्या जन्माइतका जुना आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तेव्हा त्या यंत्रावर लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, की हा सर्व्हर आहे, बंद करू नका. जगातली सगळी वेब त्या वेळी एका बटणाच्या अंतरावर होती आणि संध्याकाळी दिवे मालवत जाणारं कुणीतरी तिथंही असणारच. तेव्हा दर आठवड्याला बॅकअप, आणि तो त्याच सर्व्हरवर नाही. पासवर्ड दुकानाच्या नावापुढे एकदोनतीन, असा नाही. आणि हे सांभाळण्याचे वर्षाचे पैसे वेगळे, ते पहिल्याच दिवशी कोटेशनमध्ये.

अभ्यासक्रम इथवर आला आणि लाजपतनगरच्या एका पडदे-चादरीवाल्यांनी मला सांगितलं, की आता असल्या क्लासची गरजच उरली नाही. त्यांनी वेबसाइट एआयकडून करून घेतली होती. मजकूर, रंग, चित्रं, सगळं चहा थंड व्हायच्या आत. ‘आप सवाल बहुत पूछते हो,’ ते म्हणाले, ‘उसने एक भी नहीं पूछा.’

वेबसाइट खरोखरच देखणी होती. वर सोनेरी अक्षरांत ‘१९५२पासून तीन पिढ्यांचा विश्वास’. खाली फोन नंबर मात्र भलत्याचाच. चादरीची चौकशी करणारे लोक कुठल्याशा अनोळखी माणसाची झोपमोड करत होते. तो नंबर बदलायला त्यांनी मला बोलावलं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि सवयीनं विचारलं, ‘दुकान कब खोला था?’

‘दो हजार ग्यारह.’

‘मग हे १९५२ काढून टाकू?’

त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘रहने दो,’ म्हणाले, ‘अच्छा लग रहा है.’ मी खोट्या गोष्टी ठेवत नाही म्हणालो, वेबसाइटवरून ती ओळ काढली, नंबर दुरुस्त केला, पैसे घेतले आणि निघालो. पुढच्या वेळी गेलो तर दुकानावर नवा बोर्ड. दिव्यांचा. त्यावर ‘स्थापना १९५२’. मी बोर्डाकडे बोट दाखवलं.

‘वेबसाइट पे लिखा था,’ ते शांतपणे म्हणाले. ‘सोच-समझ के ही लिखा होगा.’

एका अर्थानं बरंच झालं. २०५२ साली दुकानाची शताब्दी येते. तिच्या खास वेबसाइटचं कोटेशन मी त्यांना तिथल्या तिथं देऊन टाकलं. अर्धे आगाऊ.