कागदोपत्री कुणी खात नाही

महाराष्ट्रातली गुटखाबंदी दरवर्षी नव्याने जन्माला येते. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे आयुक्तांना एखादा खाद्यपदार्थ फार तर एक वर्ष बंद ठेवता येतो. म्हणून जुलै 2012 मध्ये पहिल्यांदा निघालेला आदेश पुन:पुन्हा काढत राहावे लागते. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा, बंदीचा बारा महिन्यांचा. मालक मात्र दोन्हीकडे नूतनीकरणाच्या वेळेलाच दिसतो.

माल येतो कुठून? कोल्हापूर-सोलापूरकडे विचारा, 'कर्नाटकातून'. नंदुरबारला विचारा, 'गुजरातेतून'. अमरावती-नागपूरला, 'एमपीतून'. आता मध्य प्रदेशाने गुटखा बंद केला तो आपल्याही आधी, एप्रिल 2012 मध्ये. गुजरातने त्याच वर्षी सप्टेंबरात, कर्नाटकाने 2013 मध्ये. थोडक्यात, जिथून येतो तिथेही तो नाही. कुठेच बनत नाही, कुठेच विकत नाहीत, आणि एसटी स्टँडचे कोपरे मात्र थुंकायला पुरत नाहीत.

कारखानदारांचे डोके आपल्यापेक्षा वेगाने चालते. तंबाखू मिसळलेला पदार्थ चालत नाही ना? मग पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही वेगळ्या, म्हणून दोन्ही सोवळ्यात. मिसळण्याचे पातक गिऱ्हाइकाने स्वतःच्या तळहातावर करायचे. महाराष्ट्राने ही पळवाट ओळखून पानमसाला, सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी सगळेच बंद केले. त्यामुळे इथे एका बाराला दोन बेकायदा पुड्या लागतात, एवढी प्रगती झाली. शिवाय घरगुती उद्योग आहेच. विदर्भात खर्रा, इकडे मावा. सुपारी, तंबाखू, चुना घालून प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटायचा. प्लॅस्टिकवरही 2018 पासून बंदी आहे म्हणे, पण टपरीवाल्याने एका वेळी किती बंद्या पाळायच्या?

"दादा, ती आहे का?" असे विचारले की तो आधी आपल्या पायांकडे बघतो. चपला दिसल्या की चेहरा सैल पडतो. "काका, बंद आहे ना ती," म्हणत हात फळीखाली जातो. बंद असल्याचे पैसे छापील किमतीवर वेगळे लागतात. या जादा पैशांतून कुणाकुणाची घरे चालतात, याचा हिशेब तो तोंडी सांगू शकतो. तोंड भरलेले नसेल तर.

अधूनमधून कारवाई होते. फोटो तुम्ही पाहिला आहे: पुढे पोती, मागे ओळीने अधिकारी, खाली मथळा, 'टेम्पोसह इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त'. त्या 'टेम्पोसह'वर माझा फार जीव आहे. कधी कधी टेम्पोच मालापेक्षा महाग असतो. चालकावर विष देऊन इजा केल्याचे कलम लागते, जुने 328, नव्या न्यायसंहितेतले 123, दहा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे विष टेम्पो चालवणाऱ्याने दिले. ते बनवले कुणी, गोदाम कुणाचे, पैसे कुणाच्या खात्यात गेले, यासाठी मराठी वृत्तपत्रांकडे एक तयार वाक्य आहे: पुढील तपास सुरू आहे.

आकडे आहेत, पण ते दुसऱ्या खात्याचे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ 4 टक्क्यांच्या आत निघाले आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे सुमारे 24 टक्के. मिश्री, खैनी, गुटखा सगळे त्यात आले. जवळजवळ दर चौथे तोंड. हा रोग मानायचा, तर तालुक्याच्या दवाखान्यात सोडवणारा माणूस बसवावा लागेल, दातांच्या डॉक्टरला गावोगाव फिरवावे लागेल. पण गुटख्याला बंदी आहे. बंदी आहे म्हणून कागदोपत्री कुणी खात नाही. कुणी खात नाही, तर सोडवायचे कुणाला? पोती मोजली की काम संपले.

2012 सालीच, आपली बंदी निघाली त्याच्या काही महिन्यांनंतर, सोलमध्ये देशोदेशींनी तंबाखूच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध एक करार मंजूर केला. भारत त्यात 2018 मध्ये सामील झाला. त्यात प्रत्येक पाकिटावर खूण करून ते कुठे बनले, कुणाच्या हातून कुठे गेले, याचा माग काढायची योजना आहे. आपल्याकडे हे काम खुणेवाचून चालते. टपरीवाल्याला एजंट ठाऊक, एजंटला गोदाम ठाऊक, गोदामाला कारखाना ठाऊक. फक्त ही साखळी खालून वर चढत जाणारा कुणी भेटत नाही. वरून खाली येणारे पुष्कळ.

मी एका अधिकाऱ्यांना साधी सूचना केली. सुपारी वर्षानुवर्षे चघळली की गालाची आतली बाजू ताठ होत जाते, तिखट सोसत नाही, आणि तोंड उघडेनासे होते. त्यातल्याच काहींना पुढे परळला टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते. डॉक्टर आधी सांगतात, स्वतःची तीन बोटे उभी तोंडात घालून दाखवा. कुणाची दोन जातात, कुणाचे एक. तर साहेब, म्हटले, जप्तीचे लाख मोजण्याऐवजी वर्षातून एकदा कॉलेजांत, वीटभट्ट्यांवर, रिक्षा स्टँडवर बोटे मोजा. आपल्या जिल्ह्यात बंदी किती बोटांची आहे ते पत्रकार परिषदेत सांगा.

साहेबांना कल्पना पसंत पडली. त्यांनी वहीत टिपूनही घेतली. मग पेन थांबवून म्हणाले, "पण त्यात टेम्पो कुठे दाखवायचा?"