भाऊ चालले विधानसभेला

आमचे भाऊ 2024 साली विधानसभेला उभे होते. अपक्ष. पक्षाने उमेदवारीचा एबी फॉर्म ऐन वेळी दुसऱ्याच्या हातात ठेवला आणि पक्षीय राजकारणाने महाराष्ट्राचं वाटोळं केलं, हे भाऊंना त्याच रात्री कळलं. सकाळी चौकात फ्लेक्स लागला : ‘राजकारण नको, कामाचं बोला!’ चिन्ह मिळालं प्रेशर कुकर. कार्यकर्त्यांनी लगेच घोषणा जुळवली, ‘तीन शिट्ट्यांत प्रश्न निकाली.’ त्या वर्षी 288 जागांसाठी 4,136 उमेदवार रिंगणात होते आणि त्यातले 2,086 अपक्ष. म्हणजे असा साक्षात्कार झालेले आमचे भाऊ काही एकटे नव्हते.

त्यांचा वचननामा चार पानी, गुळगुळीत कागदावरचा. मुखपृष्ठावर हात जोडलेले भाऊ आणि मागे संसद भवन. विधान भवनाचा फोटो छापखान्यात नव्हता म्हणे. आत ‘व्यवहारी सुधारणांचा आराखडा’. गतिरोधक गाडीचा तळ घासणार नाही इतक्याच उंचीचे. घंटागाडी रोज ठरल्या वेळी. केबलवाले आणि पाणीवाले रस्ता एकाच वेळी खोदणार. बसवलेले पेव्हर ब्लॉक निदान एक पावसाळा तरी उखडायचे नाहीत. चारही पानं मी बारकाईने वाचली. विधिमंडळात जाऊन करायचं असं त्यात एकच सापडलं : निवडून आल्यावर प्रभागातल्या ज्येष्ठ नागरिकांना अधिवेशन दाखवायला बसने नेणार. चहा-नाश्त्यासह.

ही सगळी नगरसेवकाची कामं. भाऊ दोन टर्म नगरसेवक होते, तेव्हा ती का झाली नाहीत असं प्रचाराच्या दिवसांत विचारू नये. माणूस हात जोडून उभा असतो.

पण भाऊंचं एक म्हणणं मला खोडता आलं नाही. ते म्हणाले, नगरसेवक उरलाय कुठे? नवी मुंबई आणि संभाजीनगर महापालिकांची मुदत 2020 सालीच संपली, मुंबई-पुण्याची मार्च 2022 मध्ये. निवडणुका कोर्टात अडकल्या आणि खुर्चीवर प्रशासक बसले. आयुक्त राज्य सरकारने नेमलेला, प्रशासकही तोच. सकाळी आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, दुपारी प्रशासक म्हणून तो मंजूर करायचा. सभात्याग करायला सुद्धा कुणी नव्हतं! चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. बाराव्या अनुसूचीत रस्ते, पाणी, घनकचरा धरून 18 विषय स्थानिक संस्थांसाठी लिहून ठेवलेत. विषय शहराचे, फाइल मात्र नगरविकास खात्यात. ‘महापालिकाच मंत्रालयात राहायला गेली,’ भाऊ म्हणाले, ‘मग मी इथं कुणाच्या दारात बसू?’ गटार तुंबलं की मुंबई गाठायची, ही व्यवस्था काही भाऊंनी केलेली नव्हती. त्यांनी फक्त तिकीट काढलं, तेही स्वखर्चाने.

मुंबईत गेल्यावर आमदार निधी मिळतो, वर्षाला 5 कोटी. आकडा ऐकून सभेत टाळ्या पडतात. तेव्हा राज्यात मतदार सुमारे 9 कोटी 70 लाख. भागाकार केला तर माणशी वर्षाला दीडशेच्या आतबाहेर रुपये येतात. एवढ्यात चौकात एक बाकडंही होत नाही. बाकड्यावर ‘यांच्या विशेष प्रयत्नातून’ असं रंगवून घेता येतं.

विधिमंडळातून व्यवहारी सुधारणा होतच नाहीत असंही नाही. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. तिचा 1977 मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि 2005 साली दिल्लीने त्याच वाटेने अख्ख्या देशासाठी कायदा केला. मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण त्यावर नाव कुठं टाकायचं?’

प्रचारात एकदा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपरा सभा झाली. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, ‘भाऊ, आमदार झालात तर कुठला कायदा आणणार?’ माईक एकदम शांत. भाऊंनी स्वीय सहायकाकडे पाहिलं, सहायकाने साउंडवाल्याकडे. मग भाऊ म्हणाले, ‘ताई, कायदे भरपूर आहेत. नवीन आणून ठेवायचे कुठं?’ यावर जोरदार टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोला.

मग आमचे सेक्रेटरी उठले. त्यांना कायद्याबियद्यात रस नाही. गेटासमोरच्या मॅनहोलचं झाकण दिवाळीच्या आधीपासून गायब होतं आणि रहिवाशांनी त्यात लाल फडकं बांधलेली फांदी खोचून ठेवली होती. वॉर्ड ऑफिस म्हणत होतं, आचारसंहिता आहे. सेक्रेटरींनी हात जोडून विचारलं, ‘भाऊ, निकाल 23 तारखेला. 24 ला झाकण बसेल ना?’

भाऊंचा चेहरा गंभीर झाला. सभा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ते आमदारासारखे दिसले.

‘काका,’ ते म्हणाले, ‘हा विषय नगरसेवकाचा आहे. मी त्याला पत्र देतो.’